तळं तुडवणारी वैनी

ये, बस जवळ. मी इथं मोहाडीकडच्या खेड्यात आणि तू तिकडं नागपुरात, हे ठाऊक आहे मला, तरी कागद घेऊन नीट बस म्हणते. आणि तो फोन उलटा घालून ठेव. परवा त्याच फोनवर काय म्हणालीस तू? "आजी, बायकांच्या नेतृत्वावर कार्यक्रम हाये, पाण्यासाठी, झाडांसाठी काम केलेल्या बाईवर बोलाचं हाये. तुह्या त्या वैनीच्या चार ओळी पाठवून दे न. अन् एक फोटो." चार ओळी! ती काय चहापत्ती आहे, पुडीत बांधून पाठवायला? अख्खं आयुष्य गेलं त्या बाईचं तळ्यात. आणि वरून विचारतेस, "थोडी येडी होती का गं ते?" रागच आला मला. दिवसभर तांदूळ निवडत बसले आणि खडे तसेच राहिले. शेवटी तुझ्या आजोबांची जुनी वही काढली. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण वाणसामानाच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय फेकला नाही कधी, तेव्हा लिहिता येतं मला. चुकलं तर हस, पण पूर्ण वाच.

फोटोचं आधी सांगते म्हणजे तू पुन्हा मागणार नाहीस. फोटो नाही. भंडाऱ्याहून साहेब लोक आले होते एकदा, बायकांनी तळ्यातली बेशरमाची झुडपं उपटली म्हणून कौतुक करायला. सगळ्या बायका नव्या साड्या नेसून पारीवर ओळीनं उभ्या. पार म्हणजे तळ्याचा बांध, तुला आठवत असेल. फोटोवाला "हसा" म्हणाला आणि वैनी नेमकी खाली वाकली. पारीवरची एक चीर दिसली होती तिला, तीत बोट घालून पाहत होती. त्या फोटोत आम्ही पंधरा जणी दात काढून उभ्या आहोत आणि मध्ये एक पाठ आहे. ती वैनी.

वैनी माझी नात्यातली नव्हे. सगळं गाव तिला वैनी म्हणायचं, तिच्या सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा. बुटकी, काळी, पायाची बोटं पसरट, पारीवर कधी चप्पल घातली नाही. नवरा बिचारा भला आणि थट्टेखोर. कोणी घरी चौकशीला आलं की म्हणायचा, "घरी कायले पाहता? माही बायको तळ्याले देल्ली हाये मी. टपाल असन तर पारीवर टाकून द्या."

तिच्या खिडकीत देवाच्या मूर्ती असाव्यात तशा मातीच्या गोळ्या मांडलेल्या असायच्या. लिंबाएवढ्या. प्रत्येक वेगळ्या बांदीतली, म्हणजे धानाच्या वाफ्यातली, नाही तर वेगळ्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली. गोळी पाण्याच्या वाटीत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायची. विरघळली तर ती माती कामाची नाही, तशीच राहिली तर पाणी धरणारी. कधीकधी चिमूटभर जिभेवर ठेवायची. एकदा मी म्हटलं, "वैनी, मीठ कमी हाये का वं?" तर गंभीरपणे म्हणाली, "रेती जास्त हाये. दाताखाली येऊन राहिली." तिला थट्टा कळायची नाही असं नव्हे. मातीच्या बाबतीत तिला थट्टा ऐकूच यायची नाही.

आणि तिचं एक वाक्य होतं. काहीही ठरवायचं असलं की विचारायची, "तळ्याले विचारलं का?" नवी बोअर पाडायची, तळ्याले विचारलं का. रस्त्याला मुरूम पाहिजे, तळ्याले विचारलं का. माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न जमत होतं, पाहुणे बसलेले, पोहे झालेले, आणि वैनी दारातून डोकावून म्हणाली, "अन् तळ्याले विचारलं का?" पाहुण्यांना वाटलं आमच्याकडं तळं म्हणून कोणी मोठे काका आहेत. पण तिचा मुद्दा खरा होता. लग्न वैशाखात धरलं होतं, आणि तेव्हा तळ्यात पंगतीला पुरेल इतकं पाणी राहायचं नाही. आम्ही मुकाट्यानं माघ धरला.

आमचं तळं तू पाहिलंस ते पाण्याविनाच पाहिलंस, म्हणून तुला सांगावं लागतं. जुन्या लोकांनी बांधलेलं. पावसाळ्यात भरायचं आणि त्याच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी तोंडातून, खालच्या बांद्यांना पाणी जायचं. उशिरा पिकणारं भारी धान त्याच्याच जिवावर. मी सून म्हणून आले तेव्हा मात्र त्यात पाण्यापेक्षा बेशरम जास्त होती. ती जांभळ्या फुलांची, पोकळ दांड्याची. कापली की दुप्पट वाढते. पुरुष मंडळी दरवर्षी वरून कापायची आणि दरवर्षी ती पुन्हा उभी राहायची. वैनीनं बायका गोळा केल्या. घरटी एक बाई, उन्हाळ्यातले सकाळचे दोन तास. तिचा नियम एकच. दांडा दाखवायचा नाही, मूळ दाखवायचं. ती पारीवर बसायची आणि आम्ही एकेक मूळ तिच्यासमोर धरायचो. "तुटलं हाये. परत जाय." पुन्हा चिखलात. माझी जाऊ वैतागून म्हणाली, "इच्यापेक्षा सासू बरी व माय!" वैनी म्हणाली, "सासू मरते. बेशरम मरत नाही."

तीन उन्हाळे गेले. तळं मोकळं झालं. मग वैनीनं कमळाच्या गड्ड्या लावल्या, शिंगाडा लावला, माशांना खायला लागतात त्या पाणवनस्पती कुठून कुठून ओल्या फडक्यात बांधून आणल्या. मासे धरणाऱ्या बायकांना पहिल्यांदा उन्हाळ्यातसुद्धा टोपली भरून मासे मिळाले. आणि गावानं ठराव केला, तळ्याचा कारभार बायकांच्या समितीकडे. ठराव सुखासुखी झाला असं समजू नकोस. ग्रामसभेला वैनी स्वतःचं बारदान घेऊन जायची आणि ते नेमकं दाराच्या उंबरठ्यावर अंथरून बसायची. म्हणजे निर्णय झाल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येऊ नये. सरपंच म्हणाले, "वैनी, लघवीले तरी जाऊ द्या." तर म्हणाली, "ठराव लिवा अन् जा. मी काय धरून ठेवलं तुमाले?"

हे सगळं तू तुझ्या कार्यक्रमात सांगशील आणि लोक टाळ्या वाजवतील, मला ठाऊक आहे. आता पुढचं ऐक. पुढचं सांगायला कोणाला आवडत नाही गावात.

तळ्यात गाळ साचला होता. पिढ्यान् पिढ्यांचा. आम्ही घमेल्यांनी काढत होतो, पण एवढ्या तळ्याला बायकांची घमेली किती पुरणार? वैनी मोहाडीला तहसिलीत जात राहिली, अर्ज देत राहिली, आणि एका उन्हाळ्यात मशीन मंजूर झाली. नवी नवरी अंगणात यावी तशी ती पिवळी मशीन तळ्यात उतरली तेव्हा आम्ही तिला हळदकुंकू वाहिलं. वैनीनं मशीनवाल्याला पहिल्याच दिवशी पारीवर बसवून समजावलं. वर गाळ आहे, तो काढ. गाळाखाली काळी निळसर चिकण माती लागेल, ती तळ्याची गादी. तिला नख लावायचं नाही. तिच्याखाली मुरूम आहे, आणि मुरूम पाणी पितो. हे तिला कोणी शिकवलं होतं? तिच्या माहेरी पिढीजात तळी राखणारी माणसं. तिचा आजोबा लोखंडी सळई खुपसून सांगायचा, इथं थांबा. वैनीही तशीच सळई घेऊन मशीनच्या मागं मागं फिरायची. धुळीनं डोळे लाल, पदर नाकाला बांधलेला.

शेवटचा दिवस होता. दुपारची वेळ. मशीन संध्याकाळी दुसऱ्या गावी जाणार. तळ्याच्या मधल्या भागात गाळ संपून चिकण माती लागली होती. वैनीनं हात वर केला, थांब म्हणून. मशीनवाला खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, अजून दोन फूट घेऊन देतो न. पाणी डबल राहीन. मशीन काय रोज रोज येते?"

वैनी सळईवरचा चिखल पुसत राहिली. आणि मग आम्ही बोललो. मी सुद्धा. आमची बांदी तळ्यापासून सगळ्यात लांब, शेपटाला, तिच्यापर्यंत पाणी कधी धडपणे पोचलं नाही. मी म्हटलं, "वैनी, घे न खोल. एवढ्या वर्षानं मशीन आली. शेपटाले पाणी कवा भेटन आमाले?" मासे धरणाऱ्या बायका म्हणाल्या, खोल असलं तर जेठातही मासे जगतील. सगळ्या एकदम. वैनीनं आमच्याकडं पाहिलं. तिनं आधीच्या वर्षी आम्हाला शब्द दिला होता, की शेवटच्या बांदीला पाणी पोचवीन. उन्हात उभं राहून राहून तिचे ओठ फुटले होते. तिनं सळई खाली टाकली आणि म्हणाली, "घे. पण दोनच फूट."

पहिल्या दोन-चार बादल्या काळ्या आल्या. नंतर एक पिवळी आली. मी पाहिली. तिनंही पाहिली. कोणी काही म्हटलं नाही. मशीन आणखी चालत राहिली, कारण पिवळा मुरूम भरून न्यायला रस्त्याच्या कामाचे ट्रक पारीखाली उभेच होते. ते ट्रक सकाळपासून कायले उभे आहेत, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला. पोळ्याला तळं काठोकाठ. असं भरलेलं तळं माझ्या नवऱ्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही बायकांनी वाजतगाजत तळ्याची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. शेपटाच्या माझ्या बांदीत पाणी आलं तेव्हा मी चिखलात बसून रडले. वैनी मात्र पारीवर उभी राहून दगडी पायऱ्या मोजत होती. काल पाणी कितव्या पायरीला होतं, आज कितव्या.

दसऱ्यापर्यंत पाच पायऱ्या उघड्या पडल्या. तुडुम बंद होतं. पारीला कुठं पाझर नव्हता, आम्ही गवत बाजूला करकरून पाहिलं. पाणी जात होतं ते खाली. सरळ खाली, जमिनीच्या पोटात. दिवाळीला तळ्याच्या मध्यभागी चिखल राहिला आणि त्या चिखलात मासे तडफडत होते. बायका टोपल्या भरून उचलत होत्या, पण एका दिवसात एवढे मासे घेणार कोण? गावात आठवडाभर वास होता. भारी धान लोंबीवर होतं, त्याला शेवटचं पाणी पाहिजे होतं. माझ्या बांदीतली लोंबी मी चिमटीत दाबली तर नुसता फोल. सगळ्या गावाचं तसंच. लवकर निघणारं हलकं धान लावलेले तेवढे वाचले.

मग ग्रामसभा झाली. त्याआधी आम्ही वैनीच्या घरी गेलो, समितीच्या सगळ्या जणी. आमचं ठरलं होतं. सगळा दोष मशीनवाल्यावर टाकायचा, तो गावचा नाही, ट्रकवाले गावचे नाहीत. आणि ते खोटंही नव्हतं पूर्ण. वैनी ऐकत होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं." आम्हाला वाटलं, झालं.

सभेत ती बारदान घेऊन आली, पण उंबरठ्यावर बसली नाही. मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मशीनवाल्याले मी 'घे' म्हटलं. मुरूम दिसला तवा मी थांबवलं नाही. चूक माही हाये." एवढंच. आमचं नाव घेतलं नाही. आम्ही घे म्हटलं, मी म्हटलं, ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही उठून सांगितलं नाही. हे वाक्य तू दोनदा वाच, पोरी, कारण मी ते पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुरुषांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटका होती. मागून कोणीतरी म्हणालं, "बायाच्या हाती तळं देल्लं त हेच होईन." हसले सगळे. ठराव पाच मिनिटांत झाला. समिती बरखास्त. दारात कोणी बसलेलं नव्हतं, भराभर उठून गेले.

बाहेर माझी जाऊ तिच्यावर तुटून पडली. "कायले बोलली वं तू? कोणं विचारलं होतं तुले? सगळ्याइचं घालवलं!" वैनी म्हणाली, "मशीनवाल्याचं नाव घेऊन मुरमातलं पाणी वापस येते का?" आणि बारदान काखेत मारून चालू लागली.

तुला ज्यावरून ती वेडी वाटली, ते इथून पुढचं. गाळ म्हणून काढलेली काळी माती लोकांनी बांद्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधांवर, टाकली होती. वैनी रोज सकाळी तिथून चिकण निवडायची, घमेल्यात भरायची, डोक्यावर घेऊन कोरड्या तळ्यात उतरायची आणि मधल्या त्या पिवळ्या खड्ड्यात ओतायची. वर पाणी शिंपडायचं. मग पायानं तुडवायचं. रोवणीच्या आधी बांदीत चिखल करतो आपण, तसं. सुकली की दुसरा थर. पुन्हा पाणी, पुन्हा पाय. एकटी. तो काही पसाभर खड्डा नव्हता, अर्ध्या गावाची खळी मावतील एवढा. रस्त्यानं जाणारी पोट्टी ओरडायची, "वैनी, समुद्र बुजवून राहिली का?" ती उत्तर द्यायची नाही. शिव्यासुद्धा नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

मी किती दिवसांनी गेले सांगू? सबंध एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर. लाजेनं पाय उचलत नव्हता. गेले तेव्हा तिनं "आली का वं" एवढंही म्हटलं नाही. माझ्या पायांकडं पाहून म्हणाली, "टाचेनं तुडव. बोटानं नुसती खाजवते माती." त्यानंतर माझी जाऊ आली, मासे धरणाऱ्यांपैकी दोघी आल्या. गाणी वगैरे नाही म्हटली आम्ही. उन्हं चढेपर्यंत तुडवायचं आणि आपापल्या घरी. कधी तिघी, कधी एकटी वैनी.

तिचा नवरा याच काळात गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी पुन्हा घमेलं घेऊन उतरली. लोकांनी नावं ठेवली. ती मला म्हणाली, "घरी बसून मी त्याले काय वापस आणणार हाये? तोच म्हणे, तळ्याले देल्ली म्हणून." आणि मग तिथंच, चिखलात उभ्या उभ्या, हुंदका आवरत आवरत तुडवत राहिली.

गेल्या वैशाखात ती पडली. ऊन लागलं होतं, छातीचाही त्रास आधीपासून होता, कोणाला सांगितला नव्हता. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स तिच्या नखांतली माती काढत होती कापसानं, निघेना. मी जवळ होते. मला वाटलं, आता काही मोठं बोलेल, मुलाबाळांचं, देवाचं. तर मला म्हणाली, "काल तुमी कोरडीच तुडवली. मी पाह्यलं पारीवरून. भेगा पडतीन. पाणी टाकून तुडवजा." दोन दिवसांनी गेली. तिच्या मुलानं सगळं नीट केलं, पण तिच्या खिडकीतल्या गोळ्या त्याच्या बायकोनं झाडलोटीत टाकून दिल्या. तिला तरी काय माहीत.

आता उरलेलं. या वर्षी पाणी उतरलं तेव्हा आम्ही रोज पाहायला जात होतो. सगळं तळं दिवाळीपर्यंत आटलं, तसं ते दरवर्षी आटतं. पण मध्ये, वैनीनं जेवढी माती तुडवली होती, तेवढ्या तुकड्यात पाणी राहिलं. दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढंच. पौषापर्यंत राहिलं. बगळे आले होते. मी काठावर बसून हात घातला तर घोट्यापर्यंतही नव्हतं, पण पाणी होतं. आणि बाकीचा खड्डा पिवळा, उघडा, आम्ही सगळ्या जन्मभर तुडवला तरी संपणार नाही असा.

ग्रामपंचायतीचं म्हणणं, हे आता तळं राहिलं नाही. धानाच्या गोदामाला जागा पाहिजे, ही सपाट आयती जागा आहे. मागच्या सभेत मी वैनीसारखी उंबरठ्यावर बसले. माझे गुडघे दुखतात, बसताना हसले लोक. मी सांगितलं, खोल घे म्हणणारी मी होते, वैनी एकटी नव्हती, लिहून घ्या. उशिरा सांगितलं, माहीत आहे मला. सरपंच म्हणाले, "आजी, आता त्याले काय अर्थ हाये?" तरी एका पावसाळ्याची मुदत मिळाली. येत्या दिवाळीपर्यंत अर्ध्या तळ्यात पाणी थांबलं तर तळं, नाही तर गोदाम.

अर्ध्या तळ्यात! आम्ही सात जणी आहोत, त्यातल्या चार साठीच्या पुढच्या. खरं सांगते, होईल असं मला वाटत नाही. रोज उतरते, रोज वाटत नाही, आणि रोज उतरते. मशीन लावा म्हणतात, पण मशीनचं नाव काढलं की आम्हाला ती पिवळी बादली दिसते. ही माती पायानंच बसते.

तेव्हा तुझ्या कार्यक्रमाला काय पाठवायचं ते पाठवलं मी, चार ओळींपेक्षा जास्त झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर वाजवू दे. पण ते झालं की पहिल्या गाडीनं इकडं ये. मिरगाच्या आधी ये, मग पाऊस लागला की काही करता येत नाही. मिठाई आणू नको, माझी साखर वाढली आहे. जुनी साडी आण, तुझ्या मैत्रिणी येत असतील तर त्यांनाही आण, पोळ्या मी करते. आम्हाला पाय कमी पडून राहिले. लवकर येजो, पोरी.